आईच्या हातची किमची

आमच्या घरात जवळा भाजायला घेतला की लेक आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. दाराच्या फटीला टॉवेल लावायची, खिडकी सताड उघडायची आणि आत उदबत्ती पेटवायची. घर वसईतलं, समुद्र सायकलने जाऊन यावं एवढ्या अंतरावर. आजी सुकटीवर वाढलेली, बाप सुकटीवर वाढलेला, आणि नात मात्र सुकटीच्या वासाने अर्धमेली होणारी. "आजी, माझ्या केसांना वास लागतो गं," ही तिची तक्रार. माझ्या आईचं उत्तर ठरलेलं. "लागू दे. वसईची आहेस हे वेगळं सांगायला नको."

हे भांडण तिच्या बारावीपर्यंत पुरलं. मग एका रविवारी ती स्वयंपाकघरात आली, आजीच्या पाठीमागे जरा वेळ घुटमळली आणि म्हणाली, "आजी, थोडा जवळा देशील? किमचीत घालायचाय."

आईने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ही किमची कोण? हिच्या कॉलेजातली का?"

कोरिया आमच्या घरात शिरला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. भाजीची पिशवीसुद्धा आम्ही तेव्हा धुऊन आत घेत होतो, पण कोरिया मोबाइलमधून आला, त्याला कोण धुणार? लेकीने एक मालिका लावली, मग दुसरी. मला वाटलं, लॉकडाऊन उठला की हेही उठेल. लॉकडाऊन उठला, मालिका बसल्या त्या बसल्याच. येता-जाता मीही बघू लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. त्या मालिकांतली माणसं प्रेमात पडायला सोळा भाग घेतात, पण जेवल्याशिवाय एक भाग काढत नाहीत. नोकरी लागली की जेवतात, सुटली की जेवतात, रडता रडता नूडल्स ओढतात, आणि कोणी गेलं तरी भेटायला आलेल्यांची पंगत बसते. हे लोक आपल्यातलेच असावेत, असा पहिला संशय मला तेव्हा आला.

दुसरा संशय भाषेने आणला. हातातून बशी निसटली की लेक "आयगो!" म्हणू लागली. आई म्हणाली, "अर्धवट काय म्हणतेस? आई गं म्हण नीट." लेकीने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की कोरियन बायका कंबर धरून उठताना, पोरांवर वैतागताना, धसका घेताना हेच म्हणतात. आईने खात्री करून घ्यायला दोन भाग पाहिले. दुसऱ्या भागात एक म्हातारी "आयगो" करत जमिनीवरून उठली. "बिचारीचे गुडघे गेलेत," आई म्हणाली, आणि तेव्हापासून ती मालिका नातीपेक्षा आजीची जास्त झाली.

मग लेक मला "अप्पा" म्हणू लागली. कोरियनमध्ये अप्पा म्हणजे बाबा. आमच्या घरात अप्पा म्हणजे माझे वडील, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. "अप्पा, चहा झालाय," ही हाक पहिल्यांदा आली तेव्हा आईच्या हातातली गाळणी तशीच अधांतरी राहिली. शिवाय वसईत अप्पा म्हटलं की गावाला एकच अप्पा आठवतात. चिमाजी अप्पा, ज्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. त्या नावाला शोभेल असं मी काय केलंय? विरारहून भरून आलेल्या गाडीत सकाळी वसईला चढतो, एवढीच माझी मर्दुमकी.

पण मला खरं हलवलं ते एका वाक्याने. एका रात्री कामावरून उशिरा घरी आलो. तिच्या खोलीतून आवाज येत होता, "बाप मोगोस्सो? बाप मोगोस्सो?" दारातच माझे पाय थांबले. पोरगी बापाची चौकशी करतेय! मी गळा साफ करून म्हटलं, "नाही गं, आत्ताच आलोय. जेवायचोय अजून." तिने कानातलं यंत्र काढलं आणि हसून हसून पलंगावर आडवी झाली. बाप म्हणजे भात, आणि भात म्हणजेच जेवण. मोगोस्सो म्हणजे खाल्लंस का. कोरियात दोघं भेटले की हे विचारायची रीत आहे, आपण "काय, जेवलास का?" म्हणतो तसंच. मोठ्यांना विचारताना क्रियापद आदराचं लागतं. "म्हणजे तुला विचारायचं तर वेगळं वाक्य आहे, बाबा," ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. बापाला हेच वाक्य चालेल.

शब्दांमागून पदार्थ आले. सुरुवात लालभडक नूडल्सनी झाली. लेक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी पैज लावून ती पाकिटं आणली होती. असल्याच काही पाकिटांना डेन्मार्कने २०२४ साली फार तिखट म्हणून दुकानांतून काढायला लावलं होतं. मुली दूध पीत, गालांना वारा घालत, नाकं पुसत खात होत्या. मी एक घास घेतला आणि डेन्मार्कचं बरोबर आहे असं माझं मत झालं. आईने बोटभर चाखलं, जीभ टाळ्याला लावून विचार केला आणि निकाल दिला. "तिखट आहे खरं. पण गोड कशाला केलंय?"

त्यानंतर किंबाप. समुद्रातल्या शेवाळाचं कागदासारखं पान, त्यावर भात, अंडं, गाजर, काकडी, आणि सगळ्याची घट्ट गुंडाळी करून चकत्या कापायच्या. आमच्याकडे भात वाडा कोलमचा. पालघर जिल्ह्याची शान, २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला, शितं कशी एकेक सुटी. नेमका तोच घात. सुरी लावली की गुंडाळी उलगडायची आणि ताटात शेवाळ एकीकडे, भात दुसरीकडे. लेक रडकुंडीला आली. आई म्हणाली, "जन्मभर भात मोकळा व्हावा म्हणून जीव काढला, आता तो चिकटत नाही म्हणून बोलणी खाऊ?" पण रात्री तिलाच सुचलं. जुना तांदूळ मोकळा होतो, नवा चिकट. गावाकडून नुकताच आलेला नवा तांदूळ तिने काढला, पाणी जरा सढळ घातलं, झाकण ठेवून मुरू दिला. दुसऱ्या दिवशी चकत्या अशा सुबक पडल्या की लेकीने त्यांचे अकरा फोटो काढले. मोजायला मला वेळ होता, कारण फोटो संपेपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता.

बिबिमबापच्या वेळी मात्र आईने तो नियम मोडला. वाडग्यात भात, वर पालक, गाजर, मोड आलेली कडधान्यं, मशरूम यांच्या रंगीत वाफ्यांची रांगोळी, मधोमध अंडं आणि लाल मिरचीची तिखट-गोड चटणी, तिचं नाव गोचुजांग. लेक फोटोसाठी खुर्चीवर चढली आणि तेवढ्यात आईने आपल्या वाडग्यात सरळ हात घातला आणि भात कालवला. "आजी!" लेक ओरडली. पण खरं सांगायचं तर चूक आजीची नव्हती. बिबिम म्हणजे कालवलेला आणि बाप म्हणजे भात. ज्या कृतीवरून त्या पदार्थाला नाव पडलं, ती घरात एकट्या आईनेच केली होती. आम्ही बाकीचे रांगोळी खात होतो.

आणि त्यांचं ते बानचान! मुख्य जेवणाभोवती मांडलेल्या लहान लहान वाट्या. मुळा, काकडी, पालेभाजी, सुकवलेले बारीक मासे, आणि काही झालं तरी किमची. आधी सूप, मग जेवण, मग गोड असली ओळ नाही, सगळं एकदम पुढ्यात. मला उमगलं ते असं की आपल्या पानाची डावी बाजू तिथे बढती मिळून टेबलभर पसरली आहे. आपल्याकडे लोणचं, चटणी, कोशिंबीर मिठाशेजारी अंग चोरून बसतात आणि उजवीकडची भाजी मान खाऊन जाते. डाव्या बाजूला न्याय मिळालेला पाहायला कोरियाच गाठावा लागला.

तर तो किमचीचा रविवार. लेकीने मॉलमधून लांबट चिनी कोबी आणला होता. त्याचे उभे दोन भाग केले, पानापानांत मीठ भरलं आणि दोन-तीन तास ठेवून दिलं. पान वाकवलं तर मोडता कामा नये, नुसतं वाकलं पाहिजे, ही परीक्षा. मग तीन पाण्यांनी धुवून निथळत ठेवलं. इकडे गॅसवर तांदळाच्या पिठाची पातळ खळ ढवळणं चालू झालं. आई डोकावली. "पेज? आजारी कोण आहे?" कोणी नाही. ती पेज मसाल्याला धरून ठेवते आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना खाद्य पुरवते. त्यात लसूण, आलं, मुळ्याचे काप, कांद्याची पात आणि मिरचीची पूड. कोरियन पूड रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. ती घरात नव्हती. आईने वर्णन ऐकलं, डब्यांच्या फळीवर हात फिरवला आणि ब्याडगीची पूड काढून दिली. रंग सगळा तिचा, जाळ अंमळ कमी. वर्णनाबरहुकूम.

आता राहिला जवळा. मूळ कृतीत खारवून आंबवलेली बारीक कोळंबी लागते. ती वसईत कुठून आणणार? मीच लेकीला वाचून दाखवलं की ती कोळंबी आणि आपला जवळा ही एकाच कुळातली, शास्त्रीय नाव ॲसिटिस. आपला तो ॲसिटिस इंडिकस, त्यांचे ते त्याचे चुलत भाऊ. म्हणजे ज्याच्या वासाने खोलीचं दार बंद व्हायचं, त्याचीच भावंडं खाणाऱ्या माणसांचं पोस्टर त्याच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं. जवळ्याला आमच्याच घराच्या एका खोलीत शिरायला कोरियावरून वळसा घालून यावं लागलं.

व्हिडिओतल्या बायकांनी कोपरापर्यंत लाल रबरी मोजे घातले होते. लेकीने दोन जोड आणले होते. आईने मोजे उचलून पाहिले आणि भांडी घासायच्या जागी ठेवून दिले. "मोजे घालून चव कळायची कुणाला?" ती जमिनीवर बसली, परात पुढे ओढली आणि एकेक पान उचलून आत-बाहेर मसाला माखायला लागली. देठाकडे जास्त, शेंड्याकडे कमी. अळूच्या वड्यांना पीठ लावणारा तोच हात. मध्येच थांबून तिने चौकशी केली. "तेल कधी?" तेल नाही. "फोडणी?" नाही. "हळद, मोहरी, हिंग?" काहीच नाही. "मग हे टिकणार कशाच्या जोरावर?" लेकीने सांगितलं की मिठाने वाईट जिवाणू दबतात, चांगले उरतात, ते आंबटपणा तयार करतात आणि तो आंबटपणाच पुढे राखण करतो. आपल्या लोणच्यात तेलाचा थर हवा अडवतो, इथे दाबून भरून हवा काढायची. आईला हे पटलं नाही, पण ती दाबण्यात मात्र वाकबगार निघाली.

तिची बोटं लाल होत गेली तसं मला भलतंच आठवत गेलं. हा लाल रंग कोरियाचाही नाही आणि आपलाही नाही. मिरची अमेरिका खंडातली. आपल्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरली, आणि १५३४ पासून वसई त्यांचीच होती. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात ती जपानहून आल्याची नोंदच आहे. त्याआधीची किमची लाल नव्हती. आणि नेमक्या त्याच वर्षांत वसईचा एक मुलगा जपानकडच्या समुद्रावर होता. संत गोन्सालो गार्सिया, ज्यांच्या नावाचं कॉलेज वसईत आहे. वडील पोर्तुगीज, आई इथली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत ते होते. तो हुकूम काढणारा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, आणि १५९२ मध्ये कोरियावर फौजा घालणाराही तोच. मी हे सगळं रंगात येऊन सांगितलं. आईने फक्त शेवटचं ऐकलं. "आपल्या वसईचा मुलगा एवढ्या लांब? जेवणाचे काय हाल झाले असतील त्याचे," ती म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

त्या रात्री आईचे हात भाजल्यासारखे जळत होते. लेक खोबरेल तेल लावत बसली होती. "मोजे घातले असतेस तर?" आई म्हणाली, "मग तुझी किमची झाली असती, माझी नाही." तेव्हा लेकीने सांगितलं की कोरियनमध्ये यासाठी एक शब्द आहे, सोनमात. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. एकाच कृतीने दोघींनी केलं तरी आईच्याच हातचं का लागतं, त्याला ते म्हणतात सोनमात. आई जळजळीतही हसली. "मग त्यात काय सांगायचं? हाताला चव असतेच." दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना न विचारता हाताला जीभ लावून टाकली होती.

थंडीच्या तोंडावर कोरियात घरं आणि शेजार मिळून हिवाळाभराची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात, आणि २०१३ साली युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत त्याची नोंद घेतली. आई म्हणाली, "आणि आम्ही मे महिन्यात चाळीतल्या सगळ्या मिळून मसाला कुटायचो, पापड लाटायचो, त्याची नोंद कोणी घेतली?" मी म्हटलं, मी घेतली. उन्हात वाळवणाची राखण करायला मलाच बसवायचात.

कोरियात जी बरणी निवांत मुरते, ती वसईच्या दमट उकाड्यात दुसऱ्याच दिवशी बुडबुडे सोडायला लागली. आईने झाकण उघडलं, फस्स झालं, ती एक पाऊल मागे सरकली. "आंबली," ती म्हणाली. "मुरली," लेक म्हणाली. मराठीत हे दोन शब्द सख्खे शेजारी, पण एकमेकांशी बोलत नाहीत. लोणचं मुरतं, माणूस मुरतो, तो मान आहे. डबा आंबतो, अंग आंबतं, ती तक्रार आहे. किमची एकाच बरणीत दोन्ही करते, आणि कोणता शब्द वापरायचा हे खाणाऱ्याच्या वयावर ठरतं.

याचा प्रत्यय मला गाडीत आला. बहिणीला दादरला द्यायला एक बाटली पिशवीत घेऊन निघालो होतो. भरताना वर चार बोटं जागा सोडायची असते, ती मी काटकसरीपायी सोडली नव्हती. भाईंदरच्या खाडीवर झाकणाने पहिला सुस्कारा टाकला. डब्यातल्या सगळ्यांनी खाडीला दोष दिला, मीही दिला. मीरा रोड गेलं, दहिसर गेलं, खाडी केव्हाच मागे पडली, वास काही उतरेना. "कुणाचा डबा आंबलाय रे?" दारातून आवाज आला. "बोंबील असतील कुणाचे," दुसरा म्हणाला. माझ्या पँटवर एव्हाना लाल ओघळ आला होता. मी बाटली वर काढली आणि लेकीच्या तोऱ्यात म्हटलं, "आंबला नाही, मुरलाय. किमची आहे."

क्षणभर शांतता. मग खिडकीपाशी झोपलेल्या गृहस्थांनी डोळे उघडले. "किमची? आमच्याकडे पण आहे ती. पोरीने फ्रिजचा अख्खा कप्पा अडवलाय." पलीकडून एकाने विचारलं, "तुमची पण अप्पा म्हणते का?" बोरिवलीपर्यंत त्या डब्यात कोरियाने झपाटलेल्या मुलींचे तीन बाप निघाले. चौथ्याने ओघळ पुसायला वर्तमानपत्र दिलं आणि वास घेत म्हणाला, "सुकट घातलीय ना यात?" वसई-विरारच्या नाकाला फसवणं सोपं नाही.

गेल्या जूनमध्ये लेक शिकायला पुण्याला गेली. त्या बाजूला रांजणगावला एलजीचा कारखाना, तळेगावला ह्युंदाईचा, त्यामुळे कोरियन माणसं आणि त्यांच्यासाठीची हॉटेलंही आहेत. पहिल्याच महिन्यात मैत्रिणींबरोबर जाऊन तिने अस्सल किमची खाल्ली. फोनवर मी विचारलं, कशी होती? "छान होती," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "पण आजीच्या हातची नव्हती." ही बातमी मी आईला सांगितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेलो तर लोणच्याच्या दोन बरण्यांच्या मध्ये तिसरी बरणी होती, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली.

रोज रात्री साडेनऊला फोन येतो. "बाप मोगोस्सो?"

"जेवला," बाप म्हणतो.

परवा ती म्हणाली, "बाबा, आजीला सांग, जवळा संपलाय. भाजून पाठवू नको म्हणावं, इथे मीच भाजते." मी विचारलं, खोलीतल्या मुली काही म्हणत नाहीत? "एक म्हणते," ती म्हणाली. "मी तवा ठेवला की ती उदबत्ती लावते."